ऐकून दिलेले मार्क

मे महिन्याच्या सुटीत दुपारचं जेवण झालं की प्रोफेसर हरिश्चंद्र नागवेकर पडवीतल्या झोपाळ्यावर डोळे मिटून पडायचे आणि इलाख्यातल्या बी. ए.च्या मुलांचं भवितव्य ठरवायचे.

खाली चटईवर त्यांची मुलगी कमळा बसलेली असायची. एका हाताला न तपासलेल्या पेपरांचा ढीग, दुसऱ्या हाताला तपासलेल्यांचा. ती इंग्रजीतलं उत्तर मोठ्याने वाचायची आणि संपलं की थांबायची. झोपाळ्याच्या कड्या कुरकुरायच्या. मग वरून आकडा यायचा, "नऊ." कमळा तांबड्या पेन्सिलीने समासात नऊ लिहायची आणि पुढचं उत्तर घ्यायची. समोर माडांच्या मधून समुद्र दिसायचा. म्हणजे कमळाला दिसायचा. प्रोफेसरांना तो नुसता ऐकू यायचा, आणि ही गोष्ट घरातल्या तिघांपलीकडे रत्नागिरीत कोणालाच ठाऊक नव्हती. तिसऱ्या म्हणजे कमळाची आई आनंदीबाई.

हरिश्चंद्र हा लवू तांडेलाचा मुलगा. लवूने जन्मभर गलबत हाकारलं, कालिकतपासून कराचीपर्यंत कौलं आणि नारळ पोचवले. मुलगा अर्थशास्त्रात एम. ए. झाला तेव्हा त्याने विचारलं, "म्हंजे काय रे ता?" मुलगा म्हणाला, "वस्तू स्वस्त का होते नि महाग का होते, त्याचं शास्त्र." म्हातारा विडी पेटवून म्हणाला, "बरा हाय. निदान भिजायला तरी नको." आणि खाडीकडे निघून गेला.

एकवीस साली हरिश्चंद्र मुंबईच्या एका कॉलेजात शिकवायला लागले. आवाज बापाचा, समुद्रावर हाका मारून कमावलेला, आणि सांगण्याची हातोटी स्वतःची. त्यांच्या तासाला दुसऱ्या विषयांची मुलंही व्हरांड्यात येऊन उभी राहायची. ते दिवस सुखाचे होते. पण आपल्याकडे जो चांगला शिकवतो त्याला बक्षीस म्हणून शिकवण्यातून काढतात. प्रोफेसर व्हाइस प्रिन्सिपॉल झाले. मग वेळापत्रक आलं, होस्टेलच्या आमटीवरची भांडणं आली, एका कमिटीतून दुसरी कमिटी निघाली. युनिव्हर्सिटीने परीक्षक नेमलं. तिथे ते इतके कडक निघाले, की नागवेकरांच्या हाती पेपर गेला म्हणजे मगरीच्या जबड्यात पाय गेला असं मुलं म्हणायला लागली.

आणि मग तेहतीस साली डोळे अधू व्हायला लागले. मुंबईच्या डॉक्टरने आत दिवा टाकून पाहिलं आणि सांगितलं, की डोळ्याच्या आतला पडदा विरत चालला आहे, त्याला औषध नाही. प्रोफेसरांनी ते ऐकून घेतलं, फी दिली आणि पायऱ्या चाचपत खाली उतरले. कोणाला काही सांगितलं नाही. प्रिन्सिपॉल तीन-चार वर्षांत निवृत्त होणार होते आणि त्यांच्यामागून खुर्ची नागवेकरांची, हे विश्वस्तांनी जवळजवळ बोलून दाखवलं होतं. आंधळ्याला कोण प्रिन्सिपॉल करतो?

लपवणं फारसं कठीण गेलं नाही. व्याख्यानं तोंडपाठ होती. ऑफिसात हेडक्लार्क कागद वाचून दाखवायचा आणि साहेब डोळे मिटून ऐकायचे, ती साहेबांची ऐट समजली जायची. रस्त्याने छत्री टेकत चालायचे, ते हुद्द्याला शोभत होतं. अडत होतं ते एकाच ठिकाणी. युनिव्हर्सिटीचे पेपर दुसऱ्याला दाखवायचे नसतात, आणि ते एकट्याने वाचायला तर डोळे हवेत.

त्याच वर्षी कमळा रत्नागिरीच्या शाळेतून मॅट्रिक झाली होती. कॉलेजला जायचं म्हणून तिने परकर सोडून लुगडी घेतली, ट्रंकेला रंग दिला. मे महिन्यात आबा पेपरांची गाठोडी घेऊन घरी आले, तिला पडवीत बोलावलं आणि म्हणाले, "कमळे, यंदा राहू दे. पुढच्या वर्षी जा." कमळाने का म्हणून विचारलं नाही. गाठोडी आणि आबांचे डोळे यांच्याकडे पाहून तिला कळलं. कॉलेजात नाव घातलेल्या मुलीच्या हाती युनिव्हर्सिटीचे पेपर देणं आबांना जमणार नव्हतं. पुढच्या वर्षीही आबा तेच म्हणाले. त्याच हिवाळ्यात मुंबईच्या एका सभेत स्त्रियांच्या उच्च शिक्षणावर त्यांचं असं काही भाषण झालं होतं, की टाळ्यांनी हॉल दणाणला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. राग यावा असंच हे आहे, पण झोपाळ्यावरच्या त्या माणसाला पाहिलं की रागावणंही जड जायचं. आपण काही चुकतो आहोत हे त्यांच्या गावीच नव्हतं. मुलगी घरात आहे, तिला आपल्यामुळे चार चांगली उत्तरं वाचायला मिळतात, असंच त्यांना मनापासून वाटे.

आणि उत्तरं खरंच चांगली यायला लागली होती. दर वर्षी अधिक चांगली. मुंबईत मुलं आपसांत बोलायची, की नागवेकर सर आता मऊ झाले, त्यांच्याकडे पेपर गेला म्हणजे सुटलो. प्रोफेसरांच्या कानावर ते आलं तेव्हा ते म्हणाले, "मी मऊ झालेलो नाही. पोरं हुशार निघतायत."

छत्तीस सालच्या मे महिन्यातली ती दुपार. जेवणात आमरस होता, त्यावर तूप होतं. पडवीत वाऱ्याची झुळूक येत होती आणि झोपाळा आपोआप हलत होता. कमळा वाचत होती. तिचा आवाज आधी समुद्राच्या वर होता, मग समुद्राबरोबर झाला, मग समुद्रच वाचू लागला. प्रोफेसरांना दिसलं, की भाट्याच्या खाडीतून गलबत येतं आहे आणि सुकाणूवर लवू तांडेल उभा आहे. गलबतात परीक्षेची मुलं दाटीवाटीने बसली आहेत, प्रत्येकाच्या डोक्यावर आपापला पेपर, उन्हासाठी धरलेला. म्हाताऱ्याने हाक दिली, "हरी, ह्यांना खय उतरवू?" हरिश्चंद्र काठावरून ओरडले, "सात!" म्हातारा म्हणाला, "बरा," आणि सात मुलं पाण्यात उतरून चालत काठाला आली. कोणी भिजलं नाही. स्वप्नात त्यांना डोळे होते आणि पाणी इतकं स्वच्छ होतं, की तळाची वाळू दिसत होती.

मग आवाज पुन्हा कमळाचा झाला. प्रश्न होता मागणी म्हणजे काय. उत्तर साधंच सुरू झालं, भूक वेगळी आणि मागणी वेगळी. पुढे ते पुस्तक सोडून भलतीकडेच निघालं. बंदरावर ज्या दिवशी बांगडा सगळ्यांत जास्त लागतो, त्या दिवशी भाव पडून मासळीवाली सगळ्यांत रिकाम्या हाताने घरी जाते. उरलेला बांगडा माडाच्या मुळाशी खत म्हणून पुरतात. त्याच वाडीत त्याच संध्याकाळी चुलीवर नुसती पेज असते. मासळी आहे, भूकही आहे, पण भुकेला बाजारात कोणी विचारत नाही. जिच्या हातात नाणं नाही ती भूक आमच्या शास्त्राने मोजलीच नाही, आणि म्हणून माड पोसतो आणि माणूस वाळतो.

प्रोफेसर झोपाळ्यावर उठून बसले. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचलं नाही. इतकी वर्षं ते ह्याच प्रश्नाचं उत्तर शिकवत होते, पण हे त्यांना कधी सुचलं नव्हतं, आणि बांगडा पुरताना तर त्यांनी लहानपणी स्वतः पाहिला होता.

"अठरा," ते म्हणाले. "विसांपैकी अठरा दे. हा आपल्याच किनाऱ्यावरचा पोरगा दिसतोय गो."

कमळाने पेन्सिल उचलली. आत आनंदीबाई भांडी लावत होत्या, त्या थांबून ऐकत होत्या असं प्रोफेसरांना वाटलं. मग भांडी पुन्हा वाजली आणि झोपाळाही हलायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्याबरोबर ते म्हणाले, "कमळे, कालचं ते मागणीचं उत्तर पुन्हा वाच बघू."

"ते पेपर बांधून ठेवलेत, आबा."

"मग सोड."

कमळाने गाठ सोडली, पानं उलटली आणि वाचलं. बांगडा आला, माड आले, पेज आली. पण भुकेला बाजारात कोणी विचारत नाही हे वाक्य आलं नाही. त्याऐवजी आलं, भुकेचा बाजारात भाव फुटत नाही. हे जास्तच चांगलं होतं. प्रोफेसरांनी मात्र कान टवकारले. पंधरा वर्षं शिकवलेल्या माणसाचा कान होता तो. वाचणारं पोर कुठे संपतं आणि बोलणारं कुठे सुरू होतं, हे त्या कानाला कळायचं. म्हणजे जागेपणी कळायचं.

"पेपर इकडे दे," त्यांनी हात पुढे केला.

त्यांनी पानावरून बोटं फिरवली. टाकाने दाबून लिहिलेल्या ओळींच्या खुणा बोटांना लागत होत्या. एक ओळ लागली, दुसरी लागली, तिसरी अर्ध्यावर तुटली. त्याच्या खाली पान गुळगुळीत होतं. त्यांनी शेवटपर्यंत हात नेला.

"इथे काही नाही."

"नाही," कमळा म्हणाली.

"मग काल काय वाचलंस?"

"त्याने सुरुवात बरोबर केली होती, आबा. भूक वेगळी नि मागणी वेगळी, एवढं लिहिलं आणि थांबला. दाराशी येऊन मागे फिरला. मला राहवलं नाही."

"आजवर कितीजणांच्या बाबतीत राहवलं नाही?"

कमळाने गाठोड्याची सुतळी बोटाला गुंडाळली. मग म्हणाली, "पहिल्या वर्षी नुसती वाक्यं पुरी केली. अर्धवट सोडलेली."

"आणि नंतर?"

"नंतर तुमच्या कपाटातली पुस्तकं वाचून झाली होती."

कचेऱ्याकचेऱ्यांतून बसलेले, शाळांतून छड्या मारणारे कितीतरी बी. ए. प्रोफेसरांच्या मनापुढून गेले, आणि त्यातला कोण स्वतःच्या अकलेवर पास झाला आणि कोण कमळाच्या, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. त्यांनी पेपर खाली आपटला.

"तुला कळतंय का तू काय केलंस? माझी सगळी अब्रू ह्या आकड्यांवर उभी आहे!"

"तुम्ही झोपायचात, आबा," कमळा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "मी वाचत असायची आणि तुम्ही घोरायचात. मधेच 'सात' म्हणायचात. मी नुसतं वाचलं तर तुम्ही जागे होत नव्हतात. चांगलं काही आलं की तेवढे जागे व्हायचात. मला तुम्ही जागे हवे होतात."

गलबतातली मुलं प्रोफेसरांना आठवली आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

पावसाळ्यासाठी आगबोटी बंद व्हायला आल्या होत्या आणि शेवटच्या बोटीने पेपर गेलेच पाहिजेत. दोघं पुन्हा पहिल्यापासून बसली. ह्या वेळी प्रोफेसर झोपाळ्यावर बसले नाहीत, पाठ सरळ करून पाटावर बसले. कमळा जे होतं तेवढंच वाचत होती. फार रुक्ष काम होतं ते. उत्तरामागून उत्तर येत होतं आणि प्रत्येकात प्रोफेसर नागवेकरांच्याच व्याख्यानातले, वह्यांतून कॉलेजाकॉलेजांत पोचलेले दाखले होते, चहाचा पहिला कप हवासा नि पाचवा नकोसा, तेच शब्द, तोच क्रम. शंभर तोंडांतून आपलाच आवाज ऐकू येत होता, दर वेळी जरा जास्त शिळा. एवढी वर्षं शिकवलं ते पालथ्या घड्यावर पाणी गेलं, आणि जो एक घडा भरला त्याचं नाव कुठल्याच पटावर नव्हतं. हे त्यांना कळलं तेव्हा ते कमळाला म्हणाले, "जरा थांब." आणि उठून माडाखाली जाऊन उभे राहिले. परत आले तेव्हा कमळाने पेन्सिलीला टोक करून ठेवलं होतं.

तो पेपर आला.

"मागणीच्या उत्तराला दोन," प्रोफेसर म्हणाले.

"दोन दिले तर नापास होतो तो, आबा."

"होऊ दे. त्याचे दोनच आहेत." ते कमळाच्या बाजूला वळले. "उरलेले सोळा तुझे. ते घ्यायला कधी बसणार तू परीक्षेला?"

कमळाच्या हातातला कागद वाजला. "तुम्ही म्हणाल तेव्हा. दर वर्षी ट्रंक उन्हात घालते मी."

आतून आनंदीबाई बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. नवऱ्याची फजिती त्यांना खुपत होती, लेकीचं घरात राहणंही खुपत होतं, आणि दोन्हींची मोट कशी बांधायची ते त्यांना कळत नव्हतं. "अहो, पोरगी गेली तर तुमाला वाचून कोण दाखवील?" त्या म्हणाल्या. "एवढी वरसा झाकलात, आनखी एक वरीस झाकायला काय होतंय? खुर्ची हाती येऊं दे, मग धाडा तिला. झाकली मूठ सव्वा लाखाची."

आनंदीबाईंचं बोलणं खोटं नव्हतं. कमळा नीट वाचील, आकडे खरे पडतील, कोणाला कळणार नाही. प्रोफेसरांना मोह झाला, चांगलाच झाला. त्या दुपारी ते झोपाळ्यावर जाऊन पडले आणि डोळे मिटले. त्यांना प्रिन्सिपॉलची ती उंच पाठीची खुर्ची दिसली, तिच्यावर ते स्वतः बसले होते आणि खाली ओळीने कमिट्या उभ्या होत्या. खोलीला खिडकी नव्हती. कोणीतरी सारखं काहीतरी वाचत होतं, आणि कान देऊन ऐकलं तर एकच वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं, पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी. आवाज त्यांचा स्वतःचाच होता. ते दचकून जागे झाले तेव्हा वारा पडला होता आणि कोळणी बंदराकडून परत येत होत्या.

संध्याकाळी त्यांनी कमळाला दौत-टाक घेऊन बसवलं आणि युनिव्हर्सिटीला पत्र सांगितलं. माझी दृष्टी गेलेली आहे. मागच्या वर्षांचे पेपर मी दुसऱ्याच्या डोळ्यांनी तपासले, त्यात चुका झाल्या, त्यांची जबाबदारी माझी. ह्या वर्षीचे पुन्हा तपासले आहेत, तरी ते दुसऱ्या परीक्षकाकडून पाहून घ्यावेत. ह्यापुढे मला नेमू नये. दुसरं पत्र कॉलेजच्या विश्वस्तांना गेलं, त्यात लिहिलं की मला दिसत नाही, शिकवता मात्र येतं, तेवढं ठेवणार असाल तर ठेवा. कमळाने दोन्ही पत्रं वाचून दाखवली. प्रोफेसरांनी कागदावरून बोटं फिरवली नाहीत. त्यांनी टाक मागून घेतला, कमळाने जागा दाखवली आणि त्यांनी सही केली.

"तुमचं कसं होईल, आबा?" कमळाने विचारलं.

"मला काय धाड भरलीय? पोरांना म्हणेन, लिहू नका, बोला. बरं ऐकू येतं मला."

आगबोट सुटायच्या दिवशी मांडवीच्या बंदरावर ही गर्दी होती. वर्षातली शेवटची बोट, म्हणून आंब्याच्या पेट्या, माणसं, रडणाऱ्या आया, सगळंच एकदम आलं होतं. बोट बाहेर खोल पाण्यात उभी होती आणि होड्या माणसं नेत होत्या. ओळखीचे लोक हात जोडत होते. "काय प्रोफेसरसाहेब, ह्या खेपेला कन्येलाही घेऊन चाललात?" प्रोफेसर आवाजाच्या दिशेने हसून मान हलवत होते. दर वर्षी कमळा त्यांना होडीपर्यंत पोचवायला यायची आणि तिचा हात त्यांच्या दंडाखाली असायचा. लेकीचा किती लळा, असं लोक म्हणायचे.

आनंदीबाईंनी कमळाच्या हातात लाडवांचा डबा दिला, तिच्या गालावरून हात फिरवला आणि पदर तोंडाला लावला. होडीवाला केरू ओरडायला लागला, की भरती उतरतेय, चला चला. कमळाने सवयीने आबांचा दंड धरला.

"सोड," ते म्हणाले. "तू पुढे हो. आपली जागा धर जा."

"आबा, पायऱ्यांना शेवाळ आहे."

"तू हो पुढे."

ती गेली. तिची ट्रंक होडीत ठेवल्याचा आवाज त्यांनी ऐकला, मग ती स्वतः उतरल्याचा. होडी हलली आणि पुन्हा धक्क्याला लागली. आता त्यांच्या दंडाशी कोणी नव्हतं. छत्रीच्या टोकाला पायरीची कड लागत होती आणि तिच्या पलीकडे काहीच लागत नव्हतं. मागे मंडळी उभी होती. वकील होते, शाळामास्तर होते, लवू तांडेलाला ओळखणारी म्हातारी माणसं होती. भीती वाटली, आणि ती त्यांनी वाटू दिली.

"केरू," ते म्हणाले, समुद्रावर हाक मारावी इतक्या मोठ्याने, "हात दे रे. मला दिसत नाही."

बंदरावरचं बोलणं थांबलं. केरूने हात पुढे केला आणि प्रोफेसर नागवेकर होडीत उतरले.